वावर पाच एकर, भाजी बाजाराची

(काकूंना विचारा: शेती आणि स्वयंपाकघर)

प्रश्न: काकू, नमस्कार. दारव्हा तालुक्यात आमचं पाच एकर वावर आहे. कपाशी, सोयाबीन आणि मधे तुरीची तासं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. पुण्याच्या नणंदबाई दिवाळीला आल्या तेव्हा म्हणाल्या, पोरीला सेंद्रियच खाऊ घाल. त्यांनी आणलेल्या तूरडाळीच्या पुड्याची किंमत साध्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट, आणि महिनाभरात तिच्यात किडे झाले. सासूबाई म्हणतात, आपण घरचं खातो, आपल्याला काय करायचं सेंद्रिय? खरंच एवढे पैसे घालावे का?
— एक सूनबाई, जि. यवतमाळ

उत्तर: बाई, तुझ्या सासूबाईंचं म्हणणं आमच्या गावातही घरोघर ऐकू येतं. पण ताटातलं घरचं नेमकं काय असतं, ते एकदा बघ. कपाशी जिनिंगला जाते, सोयाबीन मार्केट यार्डात. घरी राहते ती तूर, आणि पेरली असलीच तर थोडी ज्वारी. वांगी, भेंडी, पालक, सांभार (कोथिंबीर), भेदरं (टोमॅटो) सगळं आठवडी बाजारातून. तेलाचा पुडा किराण्यातून. पाच एकराचे धनी आपण, आणि भाजीला मात्र पुण्याच्या नणंदेसारखीच पिशवी घेऊन निघतो.

म्हणून माझं म्हणणं, डाळीच्या आधी भाजीचं बघ. तुरीचा दाणा शेंगेत झाकलेला असतो. फवारा बसतो तो फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना. पुढे पीक वाळतं, मळणी होते, डाळ करताना टरफलही निघून जातं. वांग्याचं तसं नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी त्याला सोडत नाही, म्हणून फवारे चालूच, आणि तोडा चार-पाच दिवसांनी. फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, हे औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं. उद्या बाजार असला की तो आकडा कोण पाळतो? भाजी पिकवणाऱ्या कास्तकाराला मी दोष देत नाही. एक भोक दिसलं की ते वांगं बाजूला सारणारे आपणच असतो. धुतल्यानं वरवरचं बरंच निघतं, त्यामुळे वाहत्या पाण्यात चोळून धुवायचा कंटाळा करू नको. पण जे औषध झाडाच्या अंगात भिनतं ते धुऊन जात नाही.

तेव्हा पुड्याचे पैसे ठेव बाजूला आणि घरामागची जागा खणून घे. वांग्याची दहा-बारा झाडं, भेदरं, मिरची, वाफाभर पालक, वाफाभर सांभार, कुंपणावर बरबटी, मांडवावर दोडका. लहान पोराच्या घराला ह्यानं बराच आधार होतो. मावा-तुडतुड्यांना निंबोळी अर्क चालतो. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवायच्या. पाव किलो कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून एकूण पाच लिटर पाणी करायचं, चिमूटभर धुण्याची पावडर टाकायची आणि उन्हं कलल्यावर फवारायचं. कडक उन्हात त्याचा जोर लवकर जातो. गेल्या वर्षीच्या निंबोळ्या कोपऱ्यात पडल्या असतील तर त्यांच्यावर फार विसंबू नको. आणि ह्यानं सगळी कीड मरेल असंही समजू नको. चारातलं एक वांगं किडकं निघतंच. तेवढं कापून टाकायचं.

पावसाळ्यात तरोटा, चिवळ, अंबाडी फुकट मिळते. सासूबाईंना विचार, त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त भाज्या ओळखता येत असतील. फक्त ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारलं असेल तिथलं पान तोडू नको. आमच्याकडे निंदणाला बाया मिळेनाशा झाल्या तसा जो तो तणनाशकाकडे वळला, आणि धुऱ्यावरचा तरोटा गेला. ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

सेंद्रियात जीवनसत्त्वं जास्त असतात, असं नणंदबाईंनी सांगितलं असेल तर थोडं सबुरीनं घे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. पोषणात मोठा फरक असल्याचा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही, पण कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालात कमी आढळले. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने असंच काम केलं, त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी निघाला. पोषणाबद्दल मतं दोन, विषाच्या अंशाबद्दल मात्र एक. पोरीच्या ताकदीसाठी दुप्पट पैसे मोजायचे असतील तर तेवढ्यात अंडी, शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी येते. ते आधी.

मला खरा फायदा दिसतो तो फवारणाऱ्याचा. तुझ्या जिल्ह्याला हे मी सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर वाढलेली, फवारा अंगावर येत होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारणं चाललं होतं. तुझा नवरा पाठीला पंप लावून तासातून जातो तेव्हा त्याच्या अंगात जेवढं जातं, त्यापुढे डाळीतला अंश काहीच नाही. एवढं तरी कर: डब्यावरचा त्रिकोण बघायला शीक. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. फवारणीचे कपडे पोरीच्या कपड्यांत मिसळून धुऊ नको, आणि रिकामा डबा घरात पाण्याला वापरू नको.

डाळीसाठी येत्या खरिपात सहा-सात तासं तूर घरची म्हणून वेगळी राख. नर पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे लाव, पाखरांना बसायला काड्या रोव, कळी लागताच निंबोळी अर्क मार. तूर थोडी कमी होईल, एखाद्या वर्षी बरीच कमी होईल. घरच्यापुरती असल्यानं ते सोसवतं. पाचही एकर एका वर्षात असं करायला मी कधी सांगणार नाही.

आणि डाळीतले किडे: किडे झाले म्हणून डाळ सेंद्रिय ठरत नाही, आणि वाईटही ठरत नाही. सेंद्रिय मालाला धुरीचं औषध चालत नाही, त्यामुळे तो लवकर लागतो इतकंच. दोन कडक उन्हं दे, निवू दे, कोरड्या डब्यात गच्च झाकण लावून ठेव, वरून सुकवलेला कडुनिंबाचा पाला. एकदम जास्त भरू नको. धान्यात टाकायच्या गोळ्या झोपायच्या खोलीत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या वायूनं माणसं दगावतात.

प्रश्न: काकू, मोर्शीकडे माझं दोन एकर आहे. तीन वर्षांपासून जीवामृतावर (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या खतावर) हळद, तूर आणि भाजी घेतो. अमरावतीत ओळखीच्या घरी माल देतो. आता लोक सर्टिफिकेट मागतात. काय करू?
— एक तरुण कास्तकार, जि. अमरावती

उत्तर: बापू, जीवामृताचं तुला काय सांगायचं, जीवामृताचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं बेलोरा गाव तुझ्याच जिल्ह्यातलं. कागदाचं सांगते. निर्यात करायची नसेल तर बाहेरच्या संस्थेच्या महागड्या तपासणीच्या मागे लागू नको. पीजीएस-इंडिया ही सहभाग हमी पद्धत आहे, तिच्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची वावरं तपासतो. किमान पाच जण लागतात. रासायनिकातून सेंद्रियाकडे बदलाच्या काळात हिरवं प्रमाणपत्र मिळतं, पुढे पूर्ण सेंद्रिय. पाच जण जमवणंच अवघड जातं, कारण एकानं चोरून युरिया टाकला तर नाव पाचही जणांचं जातं. माणसं बघून घे, नातेवाईक बघून नको.

थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला अन्नसुरक्षेच्या २०१७ च्या नियमांत सवलत ठेवली आहे, पण प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह पिशवीवर छापता येत नाही. गट बांधायला आधी तालुका कृषी कार्यालयात जा. २०१८ पासून डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन तुझ्या जिल्ह्यात सुरू झालं, तेही विचार. शेजाऱ्याच्या वावराकडची चार तासं पट्टा म्हणून सोड आणि तिथला माल वेगळा वीक. वाऱ्यानं आलेला फवारा प्रमाणपत्र बघत नाही. आणि गिऱ्हाइकांना एकदा वावरात बोलाव. भाकरी-ठेचा खाऊन गेलेलं गिऱ्हाईक भावासाठी सहसा घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव.

प्रश्न: काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ का?
— एक गृहिणी, हिंगणघाट

उत्तर: नाही. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस पावडर टाकतात, म्हणून फार उजळ गुळाचा संशय घ्यावा हे बरोबर. पण पाक जास्त आटला, जमीन खारी असली किंवा गूळ जुना झाला तरीही तो काळाच होतो. रंगावर दहा-वीस रुपये जास्त देऊ नका. थोडा जिभेवर ठेवा, खारट लागला तर दुसऱ्या दुकानात जा.