पुतण्या गप्प गप्प असतो, भीती वाटते. घरच्यांनी आणि गावाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दहावीच्या निकालानंतर शेजारच्या गावात एका पोराने जीव दिला, आणि तेव्हापासून तुमचा १५ वर्षांचा पुतण्या जेवणावरून उठतो, मित्रांत जात नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. जे करून पाहिलं तेवढंच सांगते.

आधी त्याला एकट्यात विचारा. आडून नाही, सरळ. आमच्याकडे लोक म्हणतात, "नाव काढलं तर डोक्यात भरते." तसं होत नाही. आमच्या गल्लीतला पोरगा गणितात राहिला तेव्हा मी त्याच्याजवळ ओट्यावर बसले. खूप वेळ पावसाचंच बोललो. मग विचारलं, "बाबू, मरावंसं वाटते का तुले?" त्याने मान खाली घातली आणि नखाने ओट्याचं शेण उकरत राहिला. मग म्हणाला, "बाबाले तोंड कसं दाखवू." मी फक्त ऐकलं. "आमच्या वेळी तर..." हे तिथे काढायचं नसतं, ते फार अंगाशी येतं.

त्या रात्री त्याला एकटं झोपू दिलं नाही, आणि त्याच्या आईने फवारणीच्या उरलेल्या औषधाचे डबे पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. किल्ली आजीच्या कमरेला. हे किरकोळ वाटेल, पण माझ्या मते अर्धं काम इथेच आहे. तो टोकाचा क्षण बहुतेकदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. कापूस-सोयाबीनच्या गावात डबा चुलीमागे नाही तर गोठ्यात उघडाच पडलेला असतो. बचत गटाने ठरवलं तर अख्ख्या गावाच्या पेट्यांना कुलूप लागेल.

दुसऱ्या दिवशी १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मग जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात नेलं. बाप म्हणे, "पोलीस केस होईन." त्याला सांगितलं, मनातलं डॉक्टरला बोलल्याने केस होत नाही. कोणी प्रयत्न केला असेल तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आहे: माणूस तीव्र ताणात होता असंच धरतात. केसच्या धाकाने दवाखाना टाळू नका. पुतण्याने काही करून घेतलंच, तर मात्र इकडे-तिकडे फोनाफोनी नाही, लगेच १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

गावाने एक करावं, निकालाच्या दिवशी पारावर "किती पडले?" विचारणं बंद करावं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं, हे घरोघरी निकालाआधीच सांगावं. आमच्या शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं, त्याचा मला अजून राग आहे.

तो पोरगा पुरवणी परीक्षेत गणितात पुन्हा राहिला. निकाल मोबाईलवर पाहून माझ्याकडेच आला, म्हणाला, "काकू, चहा ठेवा."