गोळी वाढवायची की अजून थोडी कळ काढायची?

प्रश्न : ताई नमस्कार, माझं वय ३१, पीसीओडी आहे, पाळी कधी ४५ दिवसांनी येते कधी ६०. मूल राहावं म्हणून तीन महिने लेट्रोझोल, म्हणजे एग वाढवायची गोळी, चालू आहे. पहिल्या महिन्यात अडीच एमजीची होती तेव्हा एग वाढलंच नाही, मग पाचची दिली तर दोन्ही वेळा १९ एमएमपर्यंत वाढून फुटलं पण पुढे काही नाही. एग फुटलं की खालून ठेवायच्या गोळ्या देतात. गेल्या महिन्यात पाळी चार दिवस लांबली, छाती दुखत होती, सारखी झोप यायची, मला वाटलं झालंच, टेस्ट केली तर एकच रेघ, तिथेच बाथरूममध्ये बसून रडले. मैत्रीण म्हणते मला इंजेक्शनं होती, अ‍ॅस्पिरिन होती, स्टेरॉइड पण होतं, तुला नुसत्या गोळ्या काय देतात, मागून घे. त्यात गोळीचं नाव सर्च केलं तर कॅन्सरचं औषध म्हणून आलं. मिस्टरांची टेस्ट केलेली नाही, ते म्हणतात मला काही त्रास नाही. डॉक्टर घाईत असतात, विचारायची भीती वाटते. काय करू?

उत्तर : आधी त्या एका रेघेचं बोलते, कारण ते रडणं टळू शकलं असतं आणि कुणीतरी तुला हे गोळी देतानाच सांगायला हवं होतं. खालून ठेवायच्या त्या गोळ्या म्हणजे प्रोजेस्टेरॉन. छाती जड होणं, पोट फुगणं, झोप येणं, पाळी लांबणं, हे सगळं त्या हार्मोननेच होतं, दिवस गेलेले असोत वा नसोत. म्हणून त्या पंधरा दिवसांत शरीर काय सांगतंय याचा अर्थ लावत बसू नकोस, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच टेस्ट कर, आणि निगेटिव्ह आली तर गोळ्या बंद करायच्या का ते विचारून घे. एग फुटण्यासाठी एचसीजीचं, म्हणजे दिवस गेल्यावर शरीरात तयार होणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन घेतलं असेल तर उलटी चूक होते, घरची किट तेच एचसीजी पकडते, त्यामुळे लवकर टेस्ट केली तर खोटी दुसरी रेघ दिसू शकते. तेही तितकंच जिव्हारी लागतं गं.

आता मोजू. तू तीन महिने म्हणतेस पण पहिल्या महिन्यात एग वाढलंच नव्हतं, म्हणजे खरे चान्स दोनच झाले. सगळं नॉर्मल असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात साधारण चार-पाचात एक एवढीच शक्यता असते. अमेरिकेत पीसीओएसच्या, म्हणजे तुझ्या पीसीओडीच्याच, ७५० बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१४ साली आला, त्यात पाच सायकलपर्यंत औषध दिलं होतं, लेट्रोझोलवाल्यांपैकी २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफेन या एग वाढवायच्या जुन्या गोळीवर १९.१ टक्के. म्हणजे तुला दिलेली गोळी या दोघींत चांगलीच आहे, फक्त चांगल्या गोळीचाही आकडा हा असा आहे. तुझ्या बाबतीत गोळीने तिचं काम केलंय, पाचवर एग वाढलं आणि फुटलं. जे काम झालंय त्यासाठी डोस वाढवून काय मिळणार?

कॅन्सरचं म्हणशील तर हो, मुळात ते स्तनाच्या कॅन्सरचं औषध आहे, आणि तिथे ते रोज, वर्षानुवर्षं घेतात. ते इस्ट्रोजेन कमी करतं. तुझ्याकडे पाच दिवस इस्ट्रोजेन खाली गेलं की मेंदूला वाटतं अंडाशय सुस्त पडलंय, तो एफएसएच, म्हणजे एग वाढवणारं हार्मोन, जास्त सोडतो आणि एग वाढायला लागतं, एवढाच त्याचा उपयोग. शरीरात दर दोनेक दिवसांनी ते निम्मं होत जातं, त्यामुळे गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत बहुतेक सगळं निघून गेलेलं असतं. फक्त नवीन सायकलची गोळी सुरू करण्याआधी दिवस गेलेले नाहीत ना याची खात्री मात्र कर, पाळीत नेहमीपेक्षा कमी किंवा नुसतंच डाग लागल्यासारखं गेलं असेल तर नक्कीच.

मैत्रिणीच्या इंजेक्शनांचं. पीसीओडीत अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल, म्हणजे एगच्या पिशव्या, खच्चून भरलेले असतात, एग वाढवायचं इंजेक्शन दिलं की एकाऐवजी पाच-सात एकदम वाढू शकतात, मग जुळं-तिळं राहण्याची भीती, नाहीतर अंडाशय सुजून पोटात पाणी होतं. पोट झपाट्याने फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. इंजेक्शन वाईट नाही, गोळीने एग येतच नसेल तर किंवा आयव्हीएफमध्ये त्याचाच आधार असतो, पण ती पुढची पायरी आहे. अ‍ॅस्पिरिन आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं, वारंवार गर्भपात आणि रक्तात ठराविक अँटिबॉडी असतील तर खरंच कामाची. सगळ्यांना सरसकट दिल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढतं असं दिसलेलं नाही, स्टेरॉइडचंही तेच, आणि स्टेरॉइडने साखर, बीपी वाढू शकतं. मैत्रिणीचे रिपोर्ट तुझे नाहीत.

मला खटकलं ते वेगळंच, एग फुटतंय, वेळ गाठली जातेय, तरी मिस्टरांचा रिपोर्ट नाही. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी तपासणी आहे, आणि त्रास नसणं म्हणजे शुक्राणू बरे असणं नव्हे. चौथ्या सायकलच्या आधी ती करा, तुझ्या नळ्या उघड्या आहेत का तेही बघून झालेलं असावं, थायरॉइड पण. आणि डॉक्टर घाईत असल्या तरी फाईलच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ने : ही गोळी माझ्यात काय काम करतेय, ते झालं की नाही, नाही झालं तर पुढे काय. खुर्चीवरून उठायच्या आधी तिन्ही उत्तरं घे, तुझा हक्क आहे तो.

प्रश्न : आमची ट्रीटमेंट चालू आहे, बायकोला गोळ्या चालू आहेत. मी जिममुळे आठ महिने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतोय, त्याने ताकद वाढते म्हणजे चान्सपण वाढतील ना?

उत्तर : नाही दादा, उलट होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणंच बंद करतो आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावरही येतात. तिकडे बायको दर महिन्याला सोनोग्राफीला जाते, एग तयार होतं आणि इकडे हे. डॉक्टरांना आजच सांगा, लाजू नका, बंद कसं करायचं ते त्याच सांगतील. एक शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ अडीच महिने लागतात, आणि इंजेक्शन थांबवल्यावर पूर्ववत व्हायला काहींना सहा महिने, काहींना वर्षाच्या वर लागतं, त्यामुळे तोपर्यंत बायकोच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हेही त्याच भेटीत विचारून घ्या. आणि तिला हे घरी आधी सांगा, डॉक्टरांच्या समोर पहिल्यांदा कळायला नको.