वांगो आणि पोंगो

बाळ, अनेक आशीर्वाद.

शनिवारी मैदानावर गटचर्चेचा सराव झाला, तेव्हापासून तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. विषय मीच दिला होता : बलाढ्य देशाने दुसऱ्याच्या कारभारात फौज घालावी का. तू रवांडावर बोललीस आणि फार चांगलं बोललीस. मग समोरच्या मुलाने इराक काढलं आणि तू वाक्याच्या मध्येच थांबलीस. पुढची वीस मिनिटं गप्प. सगळे गेल्यावर सतरंजी गुंडाळताना तू मला विचारलंस, "काका, तुम्ही श्रीलंकेत होता ना? ते बरोबर होतं का?" आणि मी म्हणालो, "अंधार पडला, घरी जा."

ते माझं चुकलं. समोर बसून बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

एसएसबीला, म्हणजे फौजेच्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, आत्मविश्वास कसा दाखवायचा वगैरे मी इथे लिहिणार नाही, ते तुला येतं. तुला पडलेला प्रश्न वेगळा आहे. उद्या खांद्यावर स्टार लागले आणि परक्या मुलखात पाठवलं, तर मी तिथे कोण असेन? सोडवणारी, की घरात घुसलेली? हा प्रश्न पडला म्हणून आपण फौजेच्या लायक नाही असं तुला वाटायला लागलं आहे. ज्यांना तो जन्मात कधी पडला नाही, त्यांची मला जास्त भीती वाटते.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. फौज घालायची की नाही हे ठरवताना आधी विचारायचं : बोलावणं कुणाचं आहे? आणि ते आज चालू आहे का? कालचं बोलावणं आज चालत नाही. रोज सकाळी ते नव्याने आहे का बघावं लागतं.

उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या तमिळमध्ये 'वांगो' म्हणजे 'या' आणि 'पोंगो' म्हणजे 'जा'. दोन्ही आदराने बोलायचे शब्द. मला तमिळ एवढंच आलं, आणि तिसरा शब्द 'तण्णी', म्हणजे पाणी.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत शांतता करारावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आपली फौज जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरू लागली. मी लान्स नायक, वय २४. त्याआधी ४ जूनला आपल्या पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर मदतीचं सामान टाकलं होतं, त्यामुळे आम्ही सोडवायला आलोय असंच लोकांना वाटत होतं. रस्त्याच्या कडेला बायका उभ्या, हातात हार. माती लाल, आपल्या महाबळेश्वराकडची असावी तशी, आणि त्या मातीत कांद्याची रानं. कुंपणं ताडाच्या झापांची. आमच्या चौकीला लागून एका म्हातारीचं घर होतं, परसात खोल विहीर. ती ताडाच्या पानाचा द्रोण वळायची, त्यात पाणी ओतायची आणि म्हणायची, "वांगो, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तिचा नातू पायरीवर सायकलची चेन काढून रॉकेलमध्ये धूत बसलेला असायचा. मला बघितलं की दात दाखवून हसायचा.

आता नीट लक्ष दे. त्या करारावर सह्या दोन होत्या, एक दिल्लीची आणि एक कोलंबोची. ज्यांच्या परसातलं पाणी मी पीत होतो, त्यांची सही त्यावर नव्हती. जयवर्धन्यांना आमची गरज होती, कारण दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाचं बंड पेटलं होतं आणि त्यांना आपलं सैन्य उत्तरेतून तिकडे हलवायचं होतं. म्हणजे बोलावणं राजवाड्याचं होतं. अंगणातलं बोलावणं होतं ते आशेवर दिलेलं, उधारीचं. आणि वेगळा तमिळ देश मागणाऱ्या ज्या पोरांच्या, म्हणजे एलटीटीईच्या 'वाघां'च्या, हातातून बंदुका काढून घ्यायच्या होत्या, त्यांना १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर आपल्याच भूमीवर शिक्षण मिळालं होतं. हेही चर्चेत बोलायचं असतं, बाळ. आपण चर्चेत नेहमी अमेरिकेला उभं करतो. जाफन्यातला बलाढ्य देश आपण होतो.

उधारी दोन महिन्यांत संपली. सप्टेंबरात जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळापाशी वाघांचा पुढारी थिलीपन उपोषणाला बसला, पाण्याचा थेंबही घेतला नाही, २६ तारखेला गेला. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या वाघांपैकी बारा जण सायनाइड खाऊन मेले. त्यांची सुटका करणं आपल्याला जमलं नव्हतं. १० ऑक्टोबरला आपल्या फौजेचं वाघांविरुद्धचं ऑपरेशन पवन सुरू झालं. ११ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान हेलिकॉप्टरमधून उतरले, त्यातले २९ तिथेच गेले. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या फौजेच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठहून जास्त माणसं मेली. मी तिथे नव्हतो. इतकी वर्षं कुणी विषय काढला की हेच वाक्य पहिलं तोंडात येतं : मी तिथे नव्हतो.

पण मी दुसरीकडे होतो. डिसेंबरात आमच्या भागाला पहाटे घेराव पडला. सगळ्या तरुण पोरांना शाळेच्या पटांगणात रांगेत बसवलं. तोंडावर पिशवी ओढलेला एक माणूस रांगेसमोरून नेला जायचा. त्याने मान हलवली की तो पोरगा वेगळा काढायचा. नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर वळणदार. म्हातारीच्या नातवासमोर पिशवीतली मान हलली. मी नाव लिहिलं. वय विचारलं. त्याने बोटांनी दाखवलं, सतरा. मी एकोणीस लिहिलं.

मला तसं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. सतराचा लिहिला तर वर प्रश्न विचारतील, यादी परत येईल, पुन्हा लिहावी लागेल, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. तीन रात्री झोप नव्हती. आदल्या आठवड्यात आमच्या सेक्शनचे दोघे सुरुंगात गेले होते, आणि त्यातला एक माझ्या शेजारी झोपायचा. मी त्या पोराला हात लावला नाही, दोरी सैल केली, पाणी पाजलं. हे सगळं खरं आहे, शपथेवर सांगतो. तू म्हणशील, काका स्वतःला सोडवून घेताहेत. घेत असेन. पण तो आकडा माझ्या हाताने लिहिलेला आहे, आणि तो पोरगा पुढे कुठे गेला हे मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी चौकीवर परतताना म्हातारी कुंपणापाशी उभी होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "पोंगो, तंबी." तेव्हाही आदराचाच शब्द, तेव्हाही तंबी.

मला विचारशील तर भारताचं बोलावणं त्या कुंपणापाशी संपलं. फौज मात्र २४ मार्च १९९० पर्यंत राहिली. मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष बदलले. प्रेमदासांनी १९८९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की निघा, आणि आम्ही निघावं म्हणून त्यांच्या सरकारने वाघांनाच शस्त्रं पुरवली. राजवाड्याचंही बोलावणं संपलं. सुमारे १२०० जवान तिथे राहिले ते राहिलेच. शेवटची जहाजं मद्रासला लागली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्रीसुद्धा स्वागताला आले नाहीत. आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींचं काय केलं ते तुला माहीत आहे.

शनिवारी तो मुलगा म्हणाला ना, असं बोलणं हा शहिदांचा अपमान आहे? तू त्यावर गप्प बसलीस त्याचा मला राग आला. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी असताना ज्याने ती घातली त्याचीच रायफल हिसकावून त्याला आडवा केला, आणि मरेपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. परमवीर चक्र. त्या माणसाच्या धैर्यापुढे मी आजही उभा राहतो. पण तो गेला कसा हा एक प्रश्न, आणि त्याला तिथे पाठवावं का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुढे करून दुसऱ्याचं तोंड बंद करू द्यायचं नाही. कधीच नाही. तू अधिकारी होणार आहेस, तुझ्या शब्दावर पोरं पुढे जाणार आहेत.

आता तुझा रवांडा. तू बरोबर होतीस, तुला मध्येच थांबायचं काही कारण नव्हतं. १९९४ मध्ये शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक तिथे आधीपासून होते, आणि कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने ती संख्या २७० वर आणायचं ठरवलं. माणसं गाड्यांना लटकत होती, जाऊ नका म्हणत होती. तिथे प्रत्येक अंगणातून वांगो ऐकू येत होतं आणि बलाढ्य देशांनी पाठ फिरवली. कुणाच्याच घरात कधीच जाऊ नये असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यामुळेच. शेजारच्या घरात बाईला जाळताहेत आणि आपण 'त्यांचा घरगुती मामला' म्हणून कडी लावून घ्यायची? छे.

आणि त्या मुलाचा इराक. त्याच्या आधीचा इराक त्याला माहीत नाही, तुलाही नसेल. आमचे पणजोबा इंग्रजांच्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले होते. कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १४७ दिवस उपासमार काढून ती डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली, पणजोबा त्यातच संपले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी बगदाद घेतलं आणि जनरल मॉडने जाहीरनामा काढला : आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत. १९२० मध्ये त्या मुक्त झालेल्यांनीच बंड केलं. २००३ मध्ये तेच शहर, जवळपास तीच भाषा. सद्दामचा पुतळा पडताना लोक नाचले हे खरं. पण ते नाचणं म्हणजे पुढच्या आठ वर्षांचं बोलावणं नव्हे. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याकडेही अमेरिकेने फौज मागितली होती आणि वाजपेयी सरकारने नाही म्हणून सांगितलं. मी तेव्हा पलटणीत होतो. त्या रात्री मी व्यवस्थित झोपलो.

१९७१ विषयी थोडक्यात. एक कोट निर्वासित आपल्या हद्दीत आले होते, एक कोट माणसांनी पायी येऊन दिलेलं बोलावणं होतं ते. आपला स्वार्थ नव्हता असं म्हणू नकोस, होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी ठराव झाला की थांबा, मागे फिरा. तरी आपण गेलो ते बरोबरच होतं, असं मी छातीठोकपणे सांगेन. पण का बरोबर होतं? ढाका १६ डिसेंबरला पडलं आणि मार्च १९७२ मध्ये तिथेच आपल्या फौजेची निरोपाची परेड झाली. फुलं सुकायच्या आत निघालो. आणखी दोन वर्षं राहिलो असतो तर तिथेही एखाद्या कुंपणापाशी एखादी म्हातारी उभी राहिली असती, मग आज आपण १९७१ चं नाव कोणत्या तोंडाने घेतलं असतं? व्हिएतनामने १९७९ च्या जानेवारीत कंबोडियात लाखो माणसं मारणाऱ्या पोल पॉटला हाकललं, जगाने त्याचे पाय धुवायला हवे होते. पण फौज दहा वर्षं तिथेच बसली, आणि सोडवणारे कोण आणि चढून बसलेले कोण हे सांगणं अवघड झालं.

तुझ्या क्लासच्या नोट्समध्ये 'दोन्ही बाजू मांडून समतोल निष्कर्ष काढावा' असं छापलंय, मी पाहिलं. ते पान फाड. सार्वभौमत्व एका पारड्यात, मानवी हक्क दुसऱ्यात, आणि आपण मध्ये काटा धरून उभे, असं करून काहीही ठरत नाही. अंगणात जा, विचार. कोण बोलावतंय? राजवाडा, की घरातली माणसं? काल बोलावलं होतं, आज काय म्हणताहेत? ते ऐकू यायला भाषा यावी लागते. आमच्या सेक्शनमध्ये तमिळ येणारा एकही नव्हता, आणि पोंगो म्हणजे काय हे मला चौकीवरच्या मद्रास रेजिमेंटच्या एका जवानाला विचारावं लागलं. त्याने सांगितलं आणि तोंड फिरवलं. फौजेत गेलीस की पाठवतील तिथली भाषा शीक. हट्टाने शीक, कुणी हसलं तरी.

तिथल्या साहेबांनी तुला हाच प्रश्न विचारला तर मला जे वाटतं ते बोलू नकोस, तुला जे वाटतं ते बोल. फक्त मध्येच थांबू नकोस.

उद्या पाचला मैदानावर ये. पळून झालं की गटचर्चा पुन्हा घेऊ, तोच विषय. या वेळी मी बाजूला खुर्ची टाकून बसणार नाही, गोलात बसेन. शनिवारचा प्रश्न सगळ्यांसमोर मला पुन्हा विचार. एकोणीस आकड्यापासून सांगायला सुरुवात करेन.

तुझा,
काका