सिबिल नाही, मग किरायाची खोली कशी मिळेल?

यंदा आलेल्या पत्रांत खोली शोधताना घरमालकाने किंवा एजंटाने 'सिबिल दाखवा' म्हटल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं यावरून त्याच नावाची कंपनी देते तो आकडा, म्हणजेच स्कोअर. त्यातली पाच पत्रं इथे घेतो. नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातला. पुण्यात पहिलीच नोकरी लागली. एजंट म्हणतो, तुझं सिबिल उणे एक आहे, फ्लॅट मिळणार नाही. आजवर कुणाचं एक रुपयाही कर्ज घेतलं नाही, तरी मीच गुन्हेगार?

अजिबात नाही. स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात मोजतात. उणे एक किंवा 'एनएच' (नो हिस्टरी) लिहून आलं तर त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या नावावर कर्जाची नोंदच नाही. वाईट स्कोअर ही वेगळी गोष्ट. हा फरक एजंटालाही माहीत असतो, पण घासाघीस करायला असं काहीतरी हाताशी लागतंच.

किरायाने राहायला अमुक स्कोअर हवा असा कोणताही कायदा नाही. घरमालकाला तुमचा रिपोर्ट परस्पर काढता येत नाही; तो हक्क बँका, फायनान्स कंपन्या अशा सभासद संस्थांना आहे. म्हणजे तुम्ही दाखवाल तेवढंच तो पाहणार. म्हणून अख्खा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्यात पॅन, जन्मतारीख, पत्ते, सगळंच असतं.

त्याऐवजी नेमणूकपत्र, हाती आली असतील तेवढी पगारपत्रकं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट न्या. आधीपासून तिथे राहणारा गाववाला किंवा सहकारी ओळख द्यायला तयार असेल, तर त्यालाही सोबत घ्या. तरीही मालक अडला तर एक महिन्याचं जास्तीचं डिपॉझिट देऊ करा, पण ते बँकेतून द्या आणि आकडा करारात लिहून घ्या. फक्त खोलीसाठी घाईने क्रेडिट कार्ड काढण्यात अर्थ नाही. स्कोअर तयार व्हायला साधारण सहा महिने जातात आणि तुम्हाला खोली तर या महिन्यात हवी आहे.

प्रश्न : साहेब, माह्यावर पीककर्ज थकलं हाये. पोरगं एमपीएससीच्या क्लाससाठी अमरावतीले राहाचं म्हणते. घरमालक मायं सिबिल मागून रायला. माह्या पायी पोराले रूम भेटनच नाही का? (आर्वी तालुका)

भेटन, काका. बापाचं थकलेलं कर्ज पोराच्या स्कोअरवर चढत नाही. तो त्या कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच त्याच्या नावावर दिसेल. पोरगा अठराच्या वर आहे, तेव्हा करार त्याच्या नावाने करा. तुमच्या सिबिलचा विषयच संपतो.

आता तुमचं स्वतःचं बघू, कारण उद्या बँकेत ते आडवं येईल. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या असे रिपोर्ट ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घटत नाही. तुमचं कर्ज २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत किंवा २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत बसलं होतं का, ते आठवा. माफ झालेलं खातं रिपोर्टात 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेलं) किंवा 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेलं) म्हणून पडून राहिलेलं असू शकतं. तसं असेल तर बँकेकडून बेबाकी दाखला (देणं उरलं नाही असा) घ्या आणि बँक व रिपोर्ट देणारी कंपनी, दोघांकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पोच जपून ठेवा. 'दोन हजारात सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या दुकानाची पायरी चढू नका.

घरमालकाने उत्पन्नाचा पुरावा मागितला तर शेतकऱ्याकडे पगारपत्रक कुठून येणार? सातबारा द्या आणि पासबुक द्या. कापूस सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) घातला असेल तर पैसे खात्यातच आलेले असतात, ती नोंद दाखवा. तुमच्या घरात पैसा दिवाळीनंतर येतो, दर महिन्याच्या एक तारखेला नाही. हे मालकाला आधीच सांगा आणि कापूस विकला की तीन-चार महिन्यांचा किराया एकदम देतो, असं ठरवा. खात्यावर आगाऊ पैसे आले तर फार थोडे मालक नाही म्हणतात. मात्र किती महिन्यांचे दिले, ते पावतीवर यायला हवं.

प्रश्न : मी कंत्राटी परिचारिका आहे, चामोर्शीला रुजू झाले. पगार तीन-तीन महिने उशिरा होतो म्हणून मालकीणबाई सही केलेले तीन कोरे चेक मागतात. द्यावेत का?

ताई, देऊ नका. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला, तरी त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो. देणं नव्हतंच, हे सिद्ध करायचं ओझं मग तुमच्यावर. चार-पाच हजारांच्या खोलीसाठी एवढी जोखीम कशाला?

फारच अडून बसल्या तर एकच चेक द्या. त्यावर नाव आणि एका महिन्याच्या किरायाएवढी रक्कम तुमच्या हाताने लिहा, चेकचा नंबर आणि कारण करारात घाला, फोटो काढून ठेवा. त्याहून बरं म्हणजे पगार लांबतो हे नेमणूक आदेश आणि पासबुक दाखवून समजावणं. किती दिवस उशीर चालेल, तेही करारात लिहिता येतं. एकट्या बाईला खोली देताना इतर चौकशाच जास्त होतात, हे मी जाणतो. पैशाची बाजू कागदावर पक्की असली की त्या चौकशांना निदान तो आधार उरत नाही.

प्रश्न : मी वणीचा घरमालक. खाणीतल्या ठेकेदाराकडची पोरं खोली मागतात. कुणाचं सिबिल नाही, कुणाचं खराब. विश्वास कसा ठेवायचा?

स्कोअर कर्जफेडीचा इतिहास सांगतो, शेजाऱ्याशी कसा वागेल हे नाही. आधीच्या घरमालकाला एक फोन लावा, त्याने जास्त कळतं. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती द्या.

आणि करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी तुमची आहे. नोंदला नाही तर अटींबद्दल किरायेदार म्हणेल ते, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक मालक खर्चाला भितात. चार हजार किराया, दहा हजार डिपॉझिट, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार धरला तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क शंभर-सव्वाशेच्या आसपास येतं. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, शहरी हद्दीत १,०००. ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी वेगळी.

प्रश्न : दर महिन्याला वेळेवर किराया दिला तर सिबिल सुधारतं का?

नाही. घरमालक ती माहिती कुठे कळवत नाही. तरी किराया यूपीआयने किंवा बँकेतून द्या, शेऱ्यात महिना लिहा. रोख दिला तर पावती मागा. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. पुढच्या गावी खोली घेताना वर्षभराच्या या नोंदी आणि जुन्या घरमालकाची दोन ओळींची चिठ्ठी दाखवता येते. ती चिठ्ठी खोली सोडतानाच घ्या, डिपॉझिट परत घेतानाच. नंतर कुणी लिहून देत नाही.