यॉर्कशायर टेरियर हा नुसता शोभेचा कुत्रा आहे का? पुण्यात फ्लॅटमध्ये पाळावा का?

आईंना मांडीवर बसणारं कुत्रं हवंय आणि यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) म्हणजे केसाळ खेळणं असं कुणीतरी सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. कोथरूडला आमच्या दोन खोल्यांत चिंगी ही यॉर्की नऊ वर्षं आहे, म्हणून सांगतो: पाळा, पण खेळणं समजून नको.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गिरण्यांत आले, येताना आपली छोटी टेरियर कुत्री घेऊन आले. गिरण्यांत, खाणींत उंदीर मारणं हे या कुत्र्यांचं काम. या जातीचा मूळपुरुष मानतात तो हडर्सफील्ड बेन नावाचा कुत्रा (१८६५-१८७१). आणि स्मोकी! दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडलेली, जेमतेम दोन किलोची यॉर्की. पुढे फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या ७० फूट लांब, ८ इंची पाइपातून तिने टेलिफोनची तार ओढून नेली. नाहीतर सैनिकांना बॉम्बहल्ल्यांच्या सावटाखाली धावपट्टी खणावी लागली असती. ही गोष्ट मी चिंगीला घरी आणल्यावर वाचली आणि तिच्याकडे बघायची नजरच बदलली.

वजन साधारण तीन किलो. पाठीवर पोलादी निळसर केस, तोंड, छाती आणि पाय सोनेरी. पिल्लं मात्र काळी-तांबूस जन्मतात, रंग उतरायला दोन-तीन वर्षं जातात. केस रेशमासारखे सरळ, गळतात कमी, पण रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो. आम्ही मार्चमध्येच बारीक कापून घेतो.

गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये ती अचानक थांबली. एक पाय वर, कान ताठ. मी पट्टा ओढेपर्यंत तोंड गटाराच्या जाळीत! आत घूस होती. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, त्यामुळे त्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. यॉर्कीची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळ्यातला पट्टा नको, छातीवरचा घ्या.

आईंना रोज दोनदा खाली फिरवायला जमेल का, एवढं मात्र विचारून घ्या. चिंगी मांडीवर येते, पण सकाळी सोसायटीचा प्रत्येक कोपरा हुंगून झाल्यावरच.