घरकामाचं विचारा : न्हाणीतल्या पडद्यावरचे काळे ठिपके

प्रश्न : ताई, आमचा फ्लॅट चिपळूणला आहे. संडास आणि न्हाणी एकत्रच. ओल्या फरशीवर सासऱ्यांचा पाय घसरला, तेव्हापासून मधे प्लास्टिकचा पडदा लावलाय, म्हणजे कमोडकडची बाजू कोरडी राहते. पण पाऊस सुरू झाला की पडद्याच्या खालच्या काठाला काळे ठिपके धरतात आणि गणपतीपर्यंत गुडघ्याच्या उंचीला येतात. तारेच्या घासणीने घासलं, दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडचं ॲसिड लावलं, फिनाईलही झालं. थोड्या दिवसांत पुन्हा तेच. नणंद म्हणते, रोज घासलं असतंस तर ही वेळ आली नसती. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावू का? – चिपळूणहून एक वाचक

उत्तर : नणंदबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. घासण्यात तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाहीत. तुमचा पडदा वाळतच नाही, दुखणं तिथे आहे.

मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात बरीच वर्षं हाउसकीपिंग सांभाळलं. वर्षाला पाच मीटरहून जास्त पाऊस पडणारं ते गाव. ढग खिडकीतून खोलीत येतात, गादीला हात लावला तरी दमट लागते. तिथे आमच्याकडे धुण्याची पावडर, क्लोरीन, ब्रश, कशाचीच कमी नव्हती, तरी पडदे काळे पडायचे. ते थांबले एका साध्या गोष्टीमुळे : प्रत्येक न्हाणीला दोन पडदे. एक लावलेला, दुसरा बॉयलरच्या खोलीत दोरीवर वाळत. दर आठवड्याला अदलाबदल. तुम्हीही पहिलं हेच करा. साधा प्लास्टिकचा पडदा महाग नसतो आणि चार महिन्यांच्या पावसात दुसरा पडदा सगळा त्रास वाचवतो. कोकणात ऊन मिळत नाही, मान्य आहे. पण ऊनच हवं असं नाही. हॉलमध्ये पंख्याखाली, दोरीवर एकेरी पसरून रात्रभर ठेवला तरी पडदा खडखडीत होतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, ते घरातून हाकलता येत नाहीत. त्यांना रुजायला ओल लागते आणि खाणं लागतं. खाणं म्हणजे पडद्यावर बसलेला साबणाचा थर, अंगाचं तेल, त्वचेचा मळ. मऊ पीव्हीसी प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात, तीसुद्धा काही बुरश्या खातात. म्हणून जुन्या पडद्यावरचा ठिपका कधीकधी पुसून जातच नाही, तो आत उतरलेला असतो.

तारेची घासणी आजच बाजूला ठेवा. तिने प्लास्टिकवर बारीक चरे पडतात, चऱ्यांत साबण बसतो, साबणावर पुन्हा बुरशी. स्पंज किंवा दात घासायचा मऊ, जुना ब्रश पुरतो.

आता धुवायचं कसं. पडदा काढण्याआधी त्यावर साबणाचं पाणी शिंपडा. कोरडी बुरशी झटकली की बीजाणू उडतात. सासऱ्यांना दम्याचा किंवा खोकल्याचा त्रास असेल तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा आणि तुम्ही तोंडाला मास्क बांधा. पडदा फरशीवर पसरून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात कपड्यांची पावडर आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून दोन्ही बाजूंनी पुसून काढा. बोटाला बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत. मग भरपूर पाणी. हे झाल्याशिवाय ब्लीचला हात लावू नका, कारण साबणाच्या थरावर ब्लीच ओतलं की त्याचा जोर तो थर खाण्यातच संपतो आणि बुरशीपर्यंत फारसं काही पोचत नाही.

त्यानंतर एक लिटर साध्या पाण्यात साधारण ६० मिली द्रवरूप ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ किंवा ५ टक्के असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. हातमोजे घाला, खिडकी-दार उघडं ठेवा, ठिपक्यांवर स्पंजने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा. द्रावण लागेल तेवढंच करा, उरलेलं साठवू नका, त्याची ताकद टिकत नाही. एवढं करूनही फिकट करडा डाग राहिला तर घासत बसू नका. बुरशी मेलेली असते, रंग तेवढा प्लास्टिकमध्ये राहतो. पडदा कडक झाला असेल, घडीवर चिरा असतील, तर मात्र तो टाकून द्या.

ॲसिडबद्दल हात जोडून सांगते. दारावर मिळणारं ते ॲसिड आणि संडास साफ करायच्या बऱ्याच बाटल्या, दोन्हींत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. तुमची न्हाणी आणि कमोड एकाच खोलीत, म्हणजे आम्ल कमोडमध्ये आणि ब्लीच पडद्यावर लावलं तरी दोन्हींचं पाणी फरशीवर एकत्र येऊ शकतं. बंद खोलीत हा वायू फुफ्फुसं भाजतो. एका दिवशी एकच काम करा, आणि दोन्हींच्या मधे फरशी भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगरही आम्लच आहे, तेही ब्लीचबरोबर नको. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रेही नको.

व्हिनेगर आणि सोड्याचं म्हणाल, तर फेस दिसतो म्हणून लोकांना ते जोरदार वाटतं. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. फेस उतरला की व्हिनेगरचा आंबटपणाही गेलेला असतो आणि सोड्याचा गुणही, खाली राहतं जवळपास बिनकामाचं खारट पाणी. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या वापरा. सोडा चिकट थराला. व्हिनेगर पाण्याच्या पांढऱ्या खपलीला, आणि नुकत्या धरलेल्या बुरशीला, तेही पाणी न घालता लावून तासभर ठेवायचं. जुन्या काळ्या ठिपक्यांना ते पुरं पडत नाही.

रोजचं काम थोडंच आहे. शेवटची अंघोळ झाली की पडदा ओढून पूर्ण पसरवा. बहुतेक घरांत तो गोळा करून कोपऱ्यात सरकवतात आणि घड्यांच्या आत पाणी दिवसभर राहतं. भिंतीला लावतो तो छोटा वायपर पडद्यावरून दोनदा ओढा. दार उघडं ठेवा, दारात टेबलफॅन लावला तर फारच छान. पडद्याचा खालचा काठ फरशीपासून चार बोटं वर हवा. आणि काठाला दुमडून चिकटवलेली पट्टी असेल, तर ती कात्रीने सरळ कापून टाका. त्या दुमडीत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही, बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. प्लास्टिकचे दोरे निघत नाहीत, कापलेलं वाईट दिसणार नाही.

फिनाईलने वास बदलतो, साबणाचा थर तसाच राहतो. पडद्यावर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : धुतलेला पडदा मिठाच्या पाण्यात भिजवून तसाच वाळवला तर बुरशी धरत नाही असं ऐकलं. खरं आहे का? – वेंगुर्ल्याहून एक वाचक

उत्तर : कोरड्या हवेच्या गावात ठीक. वेंगुर्ल्यात नको. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे. पडद्यावर मिठाचा थर ठेवलात तर पडदा जास्तच ओला राहील आणि वरच्या लोखंडी कड्या गंजतील त्या वेगळ्याच. गंजाचे डाग पडले असतील तर त्यावर ब्लीच लावू नका, डाग अजून पक्का होतो. कोमट पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून लावा, आणि कड्या प्लास्टिकच्या घ्या.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. पडद्यावर पांढरा थर जमतो आणि कडेने गुलाबी, चिकट काहीतरी येतं. ही पण बुरशीच का? – वाघोली, पुणे

उत्तर : गुलाबी चिकट थर सहसा बुरशीचा नसतो, जिवाणूंचा असतो. सेराशिया मार्सेसेन्स नावाचा लालसर रंग करणारा जिवाणू ओल्या न्हाणीत नेहमी सापडतो. न्हाणीच्या पडद्यांवरचा साबणाचा थर तपासून २००४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध छापला, त्यात मिथायलोबॅक्टेरियम आणि स्फिंगोमोनास हे जिवाणू मोठ्या प्रमाणात निघाले. यातला मिथायलोबॅक्टेरियमही गुलाबी रंगाचा. निरोगी माणसाला यांचा सहसा त्रास होत नाही. पण घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, जखम उघडी असेल किंवा कुणी कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल, तर पडदा स्वच्छ ठेवायला टाळाटाळ करू नका.

तुमच्याकडे खरी अडचण जड पाण्याची आहे. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा थर करतो, आणि त्याला धरून हे जिवाणू राहतात. आधी लिंबूफुलाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने पांढरा थर काढा, नीट धुवा, मग पावडर. वडीच्या साबणाऐवजी द्रव बॉडीवॉश वापरलात तर थर बराच कमी बसेल, कारण अशा बहुतेक द्रवांत पारंपरिक साबण नसतो.

प्रश्न : कापडी पडदा वॉशिंग मशीनमध्ये टाकला तर चालेल का? – चेंबूर

उत्तर : चालेल. कड्या काढा, सोबत दोन जुने टॉवेल टाका, ते पडद्याला घासायचं काम करतात. ४० अंश पाणी, पावडर नेहमीच्या निम्मी, सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर कापडावर बसतो. रंगीत कापडाला क्लोरीनचं ब्लीच लावू नका. डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरीत, म्हणजे सोडियम परकार्बोनेटमध्ये, गरम पाण्यात तासभर भिजवा. प्लास्टिकचा पडदाही मशीनमध्ये धुता येतो, पण पिळण्याचं चक्र बंद ठेवा. प्लास्टिकमध्ये पाणी अडकलं की ड्रमचा तोल जातो आणि मशीन हादरायला लागतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. टबाला बाहेरून कापडी पडदा आणि आतून प्लास्टिकचं लायनर आहे. न्हाणीला खिडकी नाही. लायनर खालून नेहमी काळं पडतं. – एडिसन

उत्तर : लायनर अंघोळीच्या वेळी टबाच्या आत असायलाच हवं, नाहीतर पाणी बाहेर जाईल. अंघोळ झाल्यावर मात्र ते तिथेच राहिलं की ओल्या टबाला चिकटतं, आणि त्या चिकटलेल्या जागी हवा लागत नाही. रोज ते सोडवून, झटकून, दोन्ही पडदे एकमेकांपासून वेगळे पसरवा. खिडकी नसेल तर सगळी मदार हवा बाहेर ओढणाऱ्या एक्झॉस्ट पंख्यावर. अंघोळ संपल्यावर तो वीस-तीस मिनिटं चालू राहिला पाहिजे, दार किंचित उघडं ठेवून. पंखा खरंच हवा ओढतो का, हे बघायला जाळीवर टिश्यूपेपर धरा. चिकटून राहिला तर ठीक. खाली पडला तर आधी जाळीवरची धूळ काढा, तरीही पडला तर घरमालकाला लेखी कळवा. बऱ्याच लायनरच्या तळाला लोहचुंबक बसवलेले असतात, त्यांच्याभोवती गंज आणि काळं दोन्ही धरतं. पुढचं लायनर घेताना बिनचुंबकाचं, पीव्हीसीऐवजी पेव्हा (PEVA) नावाच्या प्लास्टिकचं बघा, आणि एकाऐवजी दोन घ्या.