बागकाम : जुन्या गुलाबांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे जुन्या वर्गांतील गुलाबांविषयी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. फ्रान्समधील गियो यांनी १८६७ मध्ये आणलेला ‘ला फ्रान्स’ हा पहिला हायब्रिड टी (जुन्या टी गुलाबांच्या संकरातून आलेला आधुनिक वर्ग) गुलाब मानला जातो आणि त्या वर्षापूर्वी जे वर्ग अस्तित्वात होते, त्यांतील गुलाबांना ‘जुने गुलाब’ म्हणण्याचा प्रघात आहे. एखादी जात त्यानंतर जन्मलेली असली, तरी तिचा वर्ग जुना असेल, तर ती याच कुळात गणली जाते.

प्रश्न : डोंगराळ भागातील एका रोपवाटिकेतून गॅलिका, अल्बा आणि सेंटिफोलिया या प्रकारांची रोपे मागवून लावली. झाडे उंच वाढली, पाने भरपूर आली. पण आजवर एकही फूल नाही. खतात काय बदल करावा?
*– एक वाचक, मिरज*

उत्तर : दोष खतात नाही, हवामानात आहे. आपण मागवलेले तिन्ही प्रकार एकबहारी, म्हणजे वर्षातून एकदाच फुलणारे आहेत. फुलोऱ्याला आवर घालणारे एक जनुक या झाडांत वर्षाचा बहुतेक काळ जागे असते. कडक हिवाळा सरल्यावर त्याचा जोर थोडे दिवस ओसरतो आणि तेवढ्या अवधीतच कळ्या धरतात. मिरजेच्या हिवाळ्यात पहाटेचे तापमान १२ ते १४ अंशांच्या खाली क्वचितच उतरते आणि दुपार तर उबदारच असते, त्यामुळे झाडाला हिवाळा होऊन गेल्याची जाणीवच होत नाही. नत्र वाढवल्यास फक्त पाने वाढतील.

चीनमधून आलेल्या (चायना आणि टी या) गुलाबांत हेच जनुक निकामी झालेले आहे, म्हणून ते थंडीची वाट न पाहता जवळजवळ बारा महिने फुलत राहतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे गुलाब चीनमधून जहाजांनी युरोपात पोचले आणि तेथील जुन्या प्रकारांशी त्यांचा संकर होऊन पुढचे बहुतेक वर्ग निर्माण झाले. अमेरिकेत चार्ल्सटन येथे नॉइझेट वर्गाचा आरंभ झाला, तर हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर, कुंपणाला लावलेल्या चायना आणि डमास्क गुलाबांच्या आपोआप झालेल्या संकरातून बोर्बन वर्ग जन्मला. त्याचे बी १८१९ च्या सुमारास पॅरिसला गेले. कृष्णाकाठच्या बागेसाठी चायना, टी, नॉइझेट आणि बोर्बन हे चार वर्गच निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ओल्ड ब्लश’, ‘म्युटाबिलिस’, ‘साफ्रानो’ (१८३९), ‘डचेस द ब्राबां’ (१८५७) आणि वेलीसाठी ‘लामार्क’ (१८३०) यांपासून सुरुवात करावी. परदेशी पुस्तकांतील सेंटिफोलियाची रसरशीत चित्रे पाहून मोह होणे स्वाभाविक आहे, तथापि त्या मोहापायी जागा आणि पाणी दोन्ही वाया जातात.

उत्तरेत कनौज, हसायन, पुष्कर आणि हळदीघाटी येथे अत्तर व गुलाबजलासाठी डमास्क गुलाब मोठ्या प्रमाणावर होतो आणि तो चैत्राच्या आगेमागे फुलतो, हे खरे आहे. परंतु तेथील हिवाळा आपल्यापेक्षा पुष्कळ कडक असतो. आपल्याकडे डमास्क लावायचाच असेल, तर नोव्हेंबरअखेर पाणी तोडून डिसेंबरच्या मध्यास छाटणी करावी. थोडी फुले मिळू शकतात, भरघोस बहराची अपेक्षा मात्र धरू नये.

प्रश्न : आमचा जुना वाडा दिवाळीनंतर उतरवायचा आहे. परसात आजेसासूबाईंनी लावलेला गुलाबी, सुवासिक गावठी गुलाब आहे. त्याचा गुलकंद आम्ही दरवर्षी करतो. तो कोणत्या जातीचा असेल आणि वाचवता कसा येईल?
*– एक वाचक, सातारा*

उत्तर : ‘गावठी गुलाब’ या नावाखाली आपल्या भागात निदान तीन-चार निरनिराळी झाडे नांदतात, म्हणून नावापेक्षा खुणा पाहाव्यात. फुले वर्षातून अनेकदा येत असतील, पाकळ्या वाटीसारख्या आत वळलेल्या असतील आणि काटे आकडेदार असतील, तर तो बोर्बन वर्गातील ‘रोझ एदुआर’ असण्याचा संभव अधिक आहे. रोपवाटिकांत त्याला ‘एडवर्ड’ म्हणतात आणि पूर्वी खुंट (ज्यावर दुसऱ्या जातीचे कलम करतात ते मूळ झाड) म्हणूनही तो पुष्कळ वापरला जाई. फांदीवर लहानमोठ्या काट्यांची दाटी असेल, पाने मऊ व किंचित राखाडी असतील आणि बहर वर्षातून एकदाच येत असेल, तर डमास्क समजावा. काटे तुरळक, वास सौम्य आणि उन्हात फूल फिके होण्याऐवजी गडद होत असेल, तर तो चायना होय. युरोपीय गुलाबांचा रंग उन्हाने उडतो आणि चायनाचा चढतो, ही खूण सहसा फसवत नाही. गडद लाल, मान खाली टाकणारे फूल असलेला ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ (१८९७) हाही गावठी म्हणून खपतो. परंतु आपण गुलाबी रंग लिहिला असल्याने तो येथे बाद होतो.

झाड हलवण्यावर सर्व भिस्त ठेवू नये, आधी काड्या लावून घ्याव्यात. नुकतेच फूल येऊन गेलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे (जेथून फूट निघते त्या जागांचे) तुकडे घ्यावेत. खालचा छेद डोळ्याच्या लगत घ्यावा, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि जाड वाळू व कोकोपीट यांच्या समभाग मिश्रणात निम्म्याहून अधिक काडी पुरावी. आयबीए हे मुळे फोडणारे संजीवक मिळाल्यास उत्तम. नसले तरी या वर्गांच्या काड्या बऱ्यापैकी लागतात. तळ कापलेली पाण्याची पारदर्शक बाटली वर पालथी घालून कुंडी सावलीत ठेवावी. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत मुळे येतात. तोवर काडी उपटून पाहण्याचा मोह आवरावा, कारण नव्या मुळ्या नखाएवढ्या धक्क्यानेही तुटतात. जाड, जुन्या फांद्यांवर पावसाळ्यात गुटी कलमे (फांदी झाडावरच ठेवून, साल काढलेल्या जागी ओले शेवाळ बांधून मुळे आणणे) बांधून ठेवल्यास दिवाळीपूर्वी तीही तयार होतील. एक रोप स्वतःकडे आणि निदान दोन रोपे नातेवाइकांकडे ठेवावीत. मूळ झाड शेवटी, फांद्या निम्म्यावर आणून, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला ओले गोणपाट घट्ट बांधून संध्याकाळच्या वेळी हलवावे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरमध्ये फळछाटणीच्या वेळीच घरापुढील जुने टी गुलाबही गुडघ्याएवढे छाटतो. शेजारचे हायब्रिड टी छान फुटतात. हे मात्र रुसून बसतात आणि पाने पिवळी पडतात.
*– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव*

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला छाटणीचा. टी आणि चायना गुलाब आपला अन्नसाठा जुन्या लाकडात राखतात आणि त्याच सांगाड्यावर वर्षानुवर्षे फांद्या वाढवीत जातात. ते गुडघ्याएवढे कापणे म्हणजे साठवलेले भांडवलच काढून घेणे होय. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, उरलेल्यांचे शेंडे हलकेच मारावेत आणि कोणत्याही वर्षी एक-तृतीयांशाहून अधिक झाड कापू नये. बोर्बन आणि नॉइझेट यांच्या लांब फांद्या कापण्याऐवजी तारेवर आडव्या बांधाव्यात; आडव्या फांदीच्या जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फूट निघते, हे द्राक्षवाल्याला वेगळे सांगावयास नको.

दुसरा प्रश्न पिवळ्या पानांचा. पिवळेपणा कोवळ्या पानांत असून शिरा हिरव्या राहत असतील, तर तो केवडा, म्हणजे लोहाची उणीव आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही आणि वरून बोअरचे क्षारयुक्त पाणी मिळाल्यास अडचण वाढते. तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी फवारावे. जमिनीतून देताना ईडीटीए प्रकारचे चिलेटेड (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले) लोह अशा मातीत फारसे टिकत नाही. ईडीडीएचए प्रकार महाग असला तरी तोच घ्यावा. मात्र खरा प्रश्न खुंटाचा आहे. क्षारासाठी आपण द्राक्षाला डॉगरिज खुंट निवडता, तसाच विचार गुलाबासाठीही करावयास हवा. मल्टिफ्लोरा खुंट चुनखडीच्या जमिनीत हमखास पिवळा पडतो, त्या मानाने इंडिका ओडोराटा तग धरतो. रोप विकत घेताना खुंट कोणता, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि उत्तर देता न येणाऱ्या विक्रेत्याकडून रोप न घेतलेलेच बरे.

प्रश्न : पावसाळ्यात कळ्या न उमलता तपकिरी होऊन कुजतात व पानांवर काळे ठिपके पडतात. काय फवारावे?
*– एक वाचक, महाबळेश्वर*

उत्तर : वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावी फवारणी पानावर टिकणे कठीण आहे. भरगच्च पाकळ्यांच्या जातींत, उदाहरणार्थ ‘सुव्हनिर द ला माल्मेझाँ’ (१८४३) मध्ये, बाहेरच्या पाकळ्या भिजून चिकटतात आणि कळी आतल्या आत सडते. जून ते सप्टेंबर कळ्या खुडून टाकाव्यात, झाडाची ताकद वाचते. गळलेली पाने रोज उचलावीत, कारण काळ्या ठिपक्यांची बुरशी त्यांवरच टिकून राहते. नवी लागवड करताना कमी पाकळ्यांचे चायना गुलाब घ्यावेत. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडे जशी फुले येतील, तशी खालच्या गावांत येणार नाहीत.

प्रश्न : आम्ही काही गुलाबप्रेमी दर हिवाळ्यात एकमेकांना काड्या देतो, पण दोन-तीन वर्षांत कोणती जात कोणाची, याचा घोळ होतो. काही पद्धत सुचवावी.
*– एक वाचक, सांगली*

उत्तर : खात्री नसताना पुस्तकी नाव देऊ नये. चुकीचे नाव एकदा चिकटले की ते काडीबरोबर दहा बागांत जाते. त्यापेक्षा ‘औदुंबरच्या घाटाजवळील गुलाबी’ असे ठिकाणावरून नाव ठेवावे आणि वहीत काडी कोठून आली, बहराचे महिने, वास, काट्यांची ठेवण व उन्हात रंग कसा बदलतो, एवढे टिपावे. दोन उन्हाळे काढल्यावर झाड कसे राहिले, हेही प्रत्येकाने वहीत भरावे; त्याच झाडाचा विश्रामबागेतील आणि विट्यातील अनुभव शेजारी-शेजारी वाचता आला, तर पाणी व माती यांविषयी जे कळते, ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेले नाव पावसात टिकते, मार्करने लिहिलेले टिकत नाही.

पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. तो काडीतून आणि डोळा भरताना (एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या खुंटावर बसवताना) पुढच्या झाडात जातो व त्यावर औषध नाही. अशा झाडाची काडी कोणालाही देऊ नये. जुन्या जातींवर आज कोणाचा हक्क उरलेला नसल्याने त्यांची देवाणघेवाण निर्धास्तपणे करावी. अलीकडच्या जातींना मात्र २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली संरक्षण असू शकते, तेव्हा चौकशी केल्याविना त्यांची रोपे विकू नयेत. बाहेरगावी काड्या पाठवताना त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात आणि एस.टी. पार्सलने पाठवल्यास पोचल्या दिवशीच लावाव्यात.